इन्शुरन्स आहे का?

बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी काउंटरवरचा पहिला प्रश्न हाच होता. मी "हो" म्हटलं. त्या माणसाने पुढ्यातला इस्टिमेटचा कागद बाजूला सारला आणि खणातून दुसरा काढला. ऑपरेशन तेच, डॉक्टर तेच, खोलीसुद्धा तीच. आकडा मात्र चांगलाच फुगलेला. मी घासाघीस केली का? छे. बाबा मागे व्हीलचेअरवर बसले होते. आणि खरं सांगू? पैसे माझ्या खिशातून जाणार नव्हते.

तेव्हापासून कुणी "सगळ्यांना सरकारी विमा द्या, प्रश्न मिटला" म्हणालं की मला तो खण आठवतो. विम्याने बिल कोण भरणार ते ठरतं. किती भरणार, ते कोण ठरवतं?

अमेरिकेत प्रामुख्याने ६५ च्या पुढच्यांसाठी मेडिकेअर हा सरकारी विमा आहे. २००३ च्या कायद्याने त्यात घरी घ्यायच्या औषधांचा खर्च आला, आणि त्याच कायद्यात लिहून ठेवलं की सरकारने कंपन्यांशी भावाच्या वाटाघाटीत पडायचं नाही! एवढं मोठं गिऱ्हाईक आणि त्याच्याच तोंडाला कुलूप. ते निघायला २०२२ उजाडलं. पहिल्या १० औषधांचे ठरलेले दर १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. मधुमेहाचं जानुव्हिया महिन्याला ५२७ डॉलरवरून ११३ वर आलं. (लगेच टाळ्या नकोत. ५२७ हा छापील भाव, त्यावर आतून सूट आधीही मिळायचीच. सरकारच्याच हिशेबाने हे दर २०२३ मध्ये असते तर या दहांवरचा निव्वळ खर्च २२ टक्क्यांनी कमी झाला असता.) कंपन्या टेबलावर आल्या त्या काही प्रेमापोटी नाही. नाही म्हटलं तर जबर कर, नाहीतर मेडिकेअर आणि मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) दोन्हींतून आपली औषधं काढून घ्या, असा पेच होता.

न्यूझीलंडची औषध खरेदीची सरकारी संस्था फार्मॅक १९९३ पासून भावाची हीच घासाघीस करते, तेही बांधलेल्या बजेटमध्ये. परवडत नसेल तर औषध यादीत घेत नाही. त्यामुळे तिला स्वस्त मिळतं. पण कॅन्सरची नवी औषधं तिथे उशिरा येतात आणि लोक त्यासाठी वर्गणी काढतात, हेही तितकंच खरं.

तरी मी फार्मॅकच्या बाजूचा. बाबांचं औषध यादीत नसतं तर मी फार्मॅकशीच कडाकडा भांडलो असतो, ते वेगळं. म्हणून तर म्हणतो, भाव ठरवायला मी नको. ज्याच्या मागे व्हीलचेअर नाही असा कुणीतरी बसू दे तिथे.