फोटोग्राफर ठरला, आता मुहूर्त बघू

घरात लग्न ठरलंय? अभिनंदन. पण गुरुजींना इतक्यात पंचांग उघडू देऊ नका. आधी फोटोग्राफर कधी मोकळा आहे ते विचारा. तुळशीची लग्नं लागली की त्याच्या तारखा भराभर जातात. गुरू-शुक्राचा अस्त झाला तरी ते पुन्हा उगवतात. फोटोग्राफरची गेलेली तारीख पुढच्या सीझनलाच दिसते.

आता पसंती. ती मोबाइलवरच करा. त्याच्या इन्स्टाग्रामवर पहिल्या काही ओळींत जे फोटो दिसतील तेवढे पुरेत. उदयपूरचा तलाव, संध्याकाळचं तिरकं ऊन, वाऱ्यावर उडणारी ओढणी. तुमचं लग्न भर दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी, खिडक्यांना जाड पडदे असलेल्या कार्यालयात आहे. वर पांढऱ्या ट्यूबलाइट, बाजूला पिवळे बल्ब, आणि डेकोरेटरने हौसेने स्टेजवर सोडलेले जांभळे एलईडी. या तिन्ही उजेडांत नवरीचा चेहरा एकाच वेळी तीन रंगांचा दिसतो आणि नंतर कॉम्प्युटरवर बसून कोणालाही तो धड एका रंगाचा करता येत नाही. पण म्हणून ‘अशाच कार्यालयातल्या एका लग्नाचे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे फोटो दाखवा’ असं विचारायला जाऊ नका. निवडक बारा फोटो कोणाचेही चांगले असतात. सगळे मागितले की माणसाची परीक्षा होते, आणि शुभकार्यात कोणाची परीक्षा पाहू नये.

पॅकेज घेताना सगळं घ्या. ट्रॅडिशनल, कॅन्डिड, सिनेमॅटिक, क्रेन, ड्रोन. कॅन्डिड म्हणजे तुमच्या नकळत काढलेला फोटो. तो काढण्याआधी ‘ताई, जरा तिकडे बघून हसा, नाही, अजून मोकळं’ अशी सूचना मिळते. ड्रोन तर हवाच. कार्यालयाला छत आहे, छताला पंखे आहेत, ही अडचण त्याची आहे, तुमची नाही. बाहेर लॉनवर उडवायचा असेल तर २०२१च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग पाडलेत. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि लालमध्ये केंद्र सरकारची परवानगी लागते. तुमचं लॉन कुठल्या रंगात आहे हे त्याला विचारू नका. दोन्हीकडच्या मंडळींसमोर पोलीस येऊन विचारतील तेव्हा कळेलच, आणि तोही प्रसंग कॅमेऱ्यात येईल.

लग्नाला तो स्वतः येणार का, हे विचारणं तर अगदीच खेडवळपणाचं. तो कलाकार आहे. त्या एका मुहूर्तावर त्याच्याकडे आणखीही लग्नं आहेत. तुमच्याकडे ‘टीम’ येईल. टीम म्हणजे काल रात्री फोन करून रोजावर बोलावलेली दोन पोरं. कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकदम फोटो साठवायची सोय आहे का, आणि असली तर चालू आहे का, हा प्रश्न त्यांना विचारू नका. बिचारी गोंधळतील.

करार येईल त्यावर डोळे मिटून सही करा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं, की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. या ‘वेगळा करार नसेल तर’चा बंदोबस्त तिसऱ्या पानावर बारीक टायपात केलेला असतो. पुढे तुमच्या मुलीचं पाठवणीतलं रडणं त्याच्या जाहिरातीत, सतारीच्या सुरांवर, गावभर फिरेल. बिल मात्र मागू नका. बिल नसलं की १८ टक्के जीएसटी वाचतो, आणि उद्या भांडायची वेळ आली तर तुमच्या हातात काही कागदही राहत नाही. वादच मिटला.

प्रत्यक्ष मुहूर्ताच्या वेळी तुम्ही काही करायचं नाही. अंतरपाट धरला, मामा मुलीला घेऊन आले, मंगलाष्टकं सुरू झाली की स्टेजवर दोन फोटोग्राफर, दोन व्हिडिओवाले, दिवा धरणारा एक आणि वायर सावरणारा एक असे सहाजण वधूवरांभोवती कडं करतील. समोर बसलेल्या पाचशे माणसांना त्यांच्या सहा पाठी दिसतील. लग्न बाजूच्या पडद्यावर बघायचं. तरी अक्षता टाकायच्या. त्या त्या पाठींवरच पडतात आणि टीमला भरभरून आशीर्वाद मिळतात. म्हणूनच त्यांचा धंदा तेजीत आहे, असा माझा कयास आहे. ‘शुभ मंगल सावधान’मधलं सावधान आजकाल फक्त दिवा धरणारा मनावर घेतो.

गुरुजींनाही आधीच समजावून ठेवा. ते बिचारे मुहूर्त टळू नये म्हणून धडपडतात, तेवढ्यात मागून आवाज येतो, ‘गुरुजी, स्टॉप! मंगळसूत्र परत एकदा, यावेळी सावकाश.’ नवरा काढतो, परत घालतो. ज्या वस्तूला जन्मभर काढू नये असं आजी सांगते, ती पहिल्या मिनिटातच एकदा निघालेली असते. गुरुजी घड्याळ बघतात. कोणी काही बोलत नाही, कारण कॅमेरा चालू आहे.

टीमच्या जेवणाचं आधी काही ठरवू नका. अक्षता पडल्या की पाहुणे पंगतीकडे धावतात, त्यांच्या मागोमाग टीमही जाते. लाजाहोम, कानपिळी, सप्तपदी हे किरकोळ विधी नेमके त्याच वेळात उरकतात. मेहुण्याने कान पिळल्यावर जावई कसा कळवळला हे फक्त करवलीच्या मोबाइलमध्ये राहतं, तेही हललेलं. त्याऐवजी तुम्हाला जिलबीच्या ताटाचे जवळून काढलेले चौदा फोटो मिळतील. पाकाची चकाकी सुरेख आलेली असते.

आणि हो, घरातल्या कोणाकोणाचे फोटो हवेत याची यादी कधीही करू नका. घरातल्याच एखाद्या भाच्याला फोटोग्राफरजवळ उभं करून ‘हे धाकटे काका, ही मावशी’ अशी ओळख करून द्यायची तर अजिबात गरज नाही. कलाकाराला चेहरे आपोआप कळतात. त्याला जो चेहरा आवडेल तो येईल. बहुधा नवरीच्या मैत्रिणीचा.

काही महिन्यांनी लिंक येईल. त्यात चार हजार फोटो असतील आणि ‘अल्बमसाठी दीडशे निवडून कळवा’ असा निरोप. हे काम नवराबायकोने मिळून करायचं असतं. ते पहिल्या दिवाळीला बसतात, दोनशे फोटो बघून होतात, त्याच्या बहिणीचे किती आणि तिच्या बहिणीचे किती यावरून एक उठून जातो. अल्बमचे पैसे आधीच दिलेले असल्यामुळे फोटोग्राफरला कसली घाई नसते.

मग एखाद्या रविवारी आत्याबाई येतील. टीव्हीवर सगळे फोटो बघतील. चहा पिणार नाहीत. चार हजारांत आपला एकही नाही, हे त्यांच्या लक्षात आलेलं असेल. आहेराची पैठणी कोणी आणली होती, याची आठवणही त्या जाता जाता करून देतील. घाबरू नका. फोटोग्राफरला फोन लावा. तो अगदी शांतपणे म्हणेल, ‘काही टेन्शन घेऊ नका काका, एडिटिंगमध्ये टाकतो ना आत्यांना. त्यांचा एक फोटो पाठवून द्या, शक्यतो नऊवारीतला. त्याचे चार्जेस वेगळे पडतील.’