पॉइंट चार खोड कुठं लावायचं?

गेल्या आठवड्यात आमच्या चोपडा तालुक्यातल्या शिक्षकांच्या तीन ग्रुपांवर एकच मजकूर येऊन पडला. थोडक्यात असा: मोबाइल आला आणि पोरांचं गणित बुडालं. जुन्या लोकांना औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, पाठ होतं. भास्कराचार्यांना कुठलं यंत्र लागलं नाही. स्वीडननेसुद्धा टॅब्लेट फेकून दिले. तेव्हा गणिताच्या तासाला खडू-फळा पुरे. खाली जोडलेले हात आणि 'शंभर ग्रुपवर पाठवा'.

सोळा वर्षं गणित शिकवतोय. पोरं आकडेमोडीत कच्ची आहेत, हे मलाही रोज दिसतं. पण मोबाइलनेच बुडवलं म्हणता, तर 'असर' या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीचा 2012 चा अहवाल बघा. देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या चारांपैकी साधारण तिघांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत नव्हतं. स्वस्त डेटा आला 2016 नंतर. 2012 मध्ये आमच्याकडच्या फोनवर सापाच्या खेळापलीकडे काही नव्हतं! त्याच 'असर'च्या 2024 च्या पाहणीत 14 ते 16 वयाची 82 टक्के मुलं स्मार्टफोन चालवू शकतात. आधीच्या आठवड्यात सोशल मीडियासाठी तो वापरणारी 76 टक्के, अभ्यासासाठी वापरणारी 57. फोन पोरांच्या हातात गेलाय, वर्गात बंदी घाला नाहीतर घालू नका.

आता औटकी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे सगळे पाढे पाठ करावे लागत, कारण रुपया सोळा आण्यांचा आणि मण चाळीस शेरांचा होता. 1 एप्रिल 1957 ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि त्यातलं बरंचसं काम संपलं. औटकी म्हणजे त्या काळचं खिशातलं कॅल्क्युलेटरच. मी स्वतः बे ते तीस आजही घोकून घेतो, आणि त्याला कारण आहे.

नववीच्या वर्गात विचारलं: एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. पाच बाय पाचवर केळी लावली तर खोडं किती? एकाने फोनवर भागून बेधडक सांगितलं, 17,424. पंचविसाऐवजी अडीचने भागलं गेलं होतं, पण त्याला काही खटकलंच नाही. घरी केळीचीच बाग. म्हटलं, "तुझ्या वडिलांनी एकरात किती लावलीत?" "सतराशे-साडेसतराशे." बोलता बोलता तोच थबकला. पुन्हा भागलं, 1742.4 आलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पॉइंट चार खोड कोठे लावानं?" वर्ग खो खो हसला. मला मात्र सबंध तासातलं सगळ्यात चांगलं गणित त्या प्रश्नात दिसलं.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: फोनला हात लावण्याआधी वहीच्या समासात अंदाज लिहायचा. 44 हजार धरा, चारने गुणा, शंभराने भागा, 1760. पाढा लागतो तो इथं. मग फोन काढा. सहा बाय पाच केलं तर 1452. रोपाच्या भावाने गुणा, ठिबकचा खर्च धरा. एका तासात पाच अंतरं तपासून होतात. हाताने भागत बसलो असतो तर दोनच झाली असती. दहावीच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, हे ठाऊक आहे. म्हणून पहिली दोन उदाहरणं हातानेच.

भास्कराचार्यांचं नाव घेऊन तर खानदेशात कुणी फसवू नये. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद त्यात आहे. त्यांच्याच 'सिद्धांतशिरोमणी'त यंत्राध्याय नावाचं प्रकरण आहे. गोल, शंकू, घटी, चक्र अशी आकाश आणि वेळ मोजण्याची यंत्रं सांगितलीत आणि फलकयंत्र तर त्यांनी स्वतः रचलेलं. यादीच्या शेवटी म्हणतात, "धीरेकं पारमार्थिकं यन्त्रम्", खरं यंत्र एकच, बुद्धी. आमच्या समासातल्या अंदाजाचं काम हेच. पण ज्यांना यंत्रच नको, त्यांनी यंत्रांवर अख्खा अध्याय कशाला लिहिला असता?

स्वीडनचं थोडक्यात. तिथल्या सरकारने 2023 मध्ये छापील पुस्तकांसाठी पैसा दिला. भर लहान मुलांच्या वाचन-लेखनावर होता. त्यातून नववीच्या भूमितीबद्दल काही निघत नाही.

राहिला खडू-फळा. फळ्यावर वर्तुळात एका जीवेवर अंतर्लिखित कोन, म्हणजे टोक वर्तुळावर असलेला कोन, काढला की पोरांना वाटतं, प्रमेय त्या एकाच आकृतीचं. जिओजेब्रा हे आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, इंटरनेटशिवायही चालतं. त्यात शिरोबिंदू वर्तुळावरून ओढत नेला तर कोन 40 चा 40 च राहतो. जीवा ओलांडून पलीकडे गेला की एकदम 140. "असं का, सर?" हे पोरांनी विचारलं की पडदा बंद करून मी खडूच हातात घेतो, कारण सिद्धता पडद्यावर दिसत नाही, ती लिहावीच लागते.

आणि वीज गेली तर? जाते, उन्हाळ्यात तर हमखास. मग फळ्यावर दोन खिळे ठोकायचे आणि गुण्याच्या काटकोनाच्या दोन्ही कडा खिळ्यांना टेकवत तो सरकवायचा. कोपऱ्याशी खडू धरला की अर्धवर्तुळ उमटतं. परवा एका पोरीने काढलं ते जरा बटाट्यासारखं झालं. तिचं म्हणणं, खिळा हलला.