41 टक्के उभयचर ‘संपले’ नाहीत

‘जगातले 41 टक्के बेडूक नामशेष झाले’ असा मेसेज सध्या फिरतोय. आकडा खरा, अर्थ चुकीचा. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत आठ हजारांहून अधिक उभयचर (बेडूक, सॅलॅमँडर वगैरे) प्रजाती तपासल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे 41 टक्के प्रजाती ‘धोक्यात’ आहेत. नामशेष झाल्याची नोंद आहे ती 37 प्रजातींची. आणखी 185 कुठेच सापडत नाहीत, म्हणजे त्याही गेल्या असण्याची शक्यता आहे. तेवढंही काही थोडं नाही.

मेसेजमध्ये सगळं खापर कीटकनाशकांवर फोडलंय. त्यांचा हात आहेच. पण अधिवास नष्ट होणं हे कारण कितीतरी मोठं, आणि हवामानबदलाचा वाटाही वाढतोय. शिवाय बेडकांच्या त्वचेला रोग लावणारी कायट्रिड बुरशी आहेच. बेडूक पाणी आणि क्षार त्वचेतून घेतो. बुरशी नेमकी तिथेच वाढते, रक्तातले क्षार घटतात आणि शेवटी हृदय बंद पडतं. बेडूकमाशांना ती बहुधा मारत नाही, कारण ती त्वचेतल्या केराटिन या कठीण प्रथिनावर वाढते, आणि त्यांच्यात ते फक्त तोंडापाशी असतं. त्यामुळे डबक्यात पिल्लं वळवळताना दिसली, म्हणून सगळं आलबेल आहे असं समजू नये.