बर्लिन फिलहार्मोनिकमधली लोकशाही आणि कारायान: एका कमेंटला उत्तर

मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की बर्लिन फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राचे वादक मतदान करून आपला चीफ कंडक्टर (वाद्यवृंदाचा मुख्य संचालक) निवडतात, त्यावर तुमची कमेंट आली की हे सगळं थोतांड, आधी ऑर्केस्ट्रा हिटलरच्या पदरी आणि नंतर चीफ कंडक्टर हर्बर्ट फॉन कारायानची हुकूमशाही, वादकांना विचारतो कोण!

हिटलरचं म्हणाल तर ते खरंच आहे, पण ते झालं कसं ते बघा ना. १८८२ मध्ये ५४ वादक बिल्झे नावाच्या कंडक्टरच्या बँडमधून बाहेर पडले, निमित्त काय तर वॉर्साच्या दौऱ्याला तो त्यांना रेल्वेच्या चौथ्या वर्गातून नेणार होता. यांनी स्वतःची मंडळी काढली, पुढे कंपनी झाली, शेअर्स वादकांकडेच, पण तिजोरीत कायम खडखडाट, १९३३ येईपर्यंत दिवाळं निघायची वेळ आली. मग हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या खात्याने कंपनी ताब्यात घेतली आणि मालक होते ते सरकारी पगारावर आले, युद्धात सैन्यभरतीतून सूटसुद्धा मिळाली. शिमॉन गोल्डबर्गसारखा कॉन्सर्टमास्टर (व्हायोलिनवादकांचा प्रमुख) मात्र ज्यू म्हणून १९३४ मध्ये गेला. म्हणजे पगारापायी मालकी गेली, माझं स्पष्ट मत.

आता कारायान. तो नाझी पक्षाचा सभासद होता, १९५५ पासून १९८९ पर्यंत खुर्चीत होता आणि त्याचा दरारा होता, सगळं कबूल, पण मग सबिने मायरचं काय? १९८२ मध्ये ही तरुण क्लॅरिनेटवादक त्याला हवीच होती आणि वादकांनी चक्क नाही म्हटलं, प्रोबेशनवर घेतलं तरी तिला कायम करायच्या मतदानात ७३ विरोधात आणि बाजूने फक्त ४! कारण सांगितलं की तिचा सूर बाकीच्या सुषिर वाद्यांत मिसळत नाही. तोवर शंभर वर्षं ऑर्केस्ट्रात एकही बाई नव्हती, पहिली बाई, एक व्हायोलिनवादक, त्याच वर्षी आली होती, तेव्हा त्या कारणावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा (मी तरी ठेवत नाही). शेवटी मायर स्वतःच सोडून गेली. तुम्ही म्हणता तो हुकूमशहा इथे हरला, आणि हरवलं ते याच मतदानाने, भले निकाल मला पटो न पटो.

आणि हे काही जुनंपुराणं नाही, मे २०१५ मध्ये हीच मंडळी नवा चीफ कंडक्टर निवडायला बर्लिनच्या डालेम भागातल्या चर्चमध्ये, मोबाईल बाहेर ठेवून, अकरा तास बसली आणि तरी कंडक्टर ठरला नाही, किरिल पेट्रेंको या कंडक्टरचं नाव निघालं ते जूनमध्ये. ठरवून केलेलं नाटक असतं तर तासाभरात उरकलं असतं की हो.