घड्याळातल्या कांड्या आणि सॉकेटमधली तार

रेडिओ लहरींवरून वेळ लावून घेणाऱ्या घड्याळांविषयीचा एक संदेश सध्या ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. त्यात म्हटले आहे की, टॉवरच्या चिन्हाशेजारच्या कांड्या कमी दिसल्या तर घरात मोबाइल टॉवरचे किरण जास्त आहेत असे समजावे. हे घड्याळ दिल्लीहून वेळ घेते, असेही त्यात आहे. आणि बॅटरीच्या स्प्रिंगला बांधलेल्या तारेचे दुसरे टोक सॉकेटच्या वरच्या मोठ्या छिद्रात घातले की कांड्या भरतात, असाही दावा आहे. गेल्या रविवारी नौपाड्यात आत्याकडे गेलो, तेव्हा तिच्या मुलाने जर्मनीहून आणलेल्या घड्याळातून निघालेली लाल तार पलंगामागच्या सॉकेटमध्ये शिरलेली होती आणि तारेचे सोललेले टोक नीट बसावे म्हणून आत्याने त्याला केसांची पिन गुंडाळली होती.

आधी या तारेविषयीच लिहितो. ते मोठे छिद्र अर्थिंगचे असते. अनेक सॉकेटांत त्यात काही घातले की खालच्या दोन छिद्रांवरची झडप उघडते, म्हणजे लहान मुलांसाठी केलेली सोय आपण स्वतःच काढून टाकतो. जुन्या इमारतीत अर्थिंग तुटलेले असेल आणि गीझरमध्ये विजेची गळती असेल, तर त्या तारेत, पिनेत आणि घड्याळाच्या स्प्रिंगमध्ये वीज उतरू शकते. आत्या ७६ वर्षांची आहे आणि त्याच घड्याळात पाहून ती पहाटे थायरॉइडची गोळी घेते. एवढा धोका पत्करून पदरात काहीच पडत नाही, कारण या घड्याळाचा अँटेना म्हणजे आतली फेराइट या चुंबकीय पदार्थाची दांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली बारीक तार. बॅटरीला जोडलेल्या तारेतून घरातल्या वायरिंगचा गोंगाट मात्र आत येतो.

किरणांची गोष्ट निव्वळ निराधार आहे. आत्याचे घड्याळ ७७.५ किलोहर्ट्‌झवरचा संकेत ऐकते. मोबाइलच्या लहरींची वारंवारता त्याच्या हजारो पट असते आणि त्या मोजण्याचे साधन या घड्याळात नाहीच. संकेतात दर सेकंदाला लहरीची ताकद क्षणभर उतरते, ०.१ सेकंद उतरली तर शून्य आणि ०.२ सेकंद उतरली तर एक, आणि अशा खुणांतून पूर्ण वेळ व तारीख कळायला एक मिनिट लागते. या खुणा किती स्वच्छ ऐकू आल्या, एवढेच त्या कांड्या सांगतात.

दिल्लीचे म्हणाल, तर तिथली राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळ सांभाळते हे खरे. पण या घड्याळांना ऐकू येईल असे दीर्घलहरींचे वेळेचे प्रक्षेपण भारतात होत नाही. आत्याच्या घड्याळाचा संकेत फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून निघतो. तो चालवणारी जर्मनीची राष्ट्रीय मापनसंस्था पीटीबी स्वतःच त्याचा पल्ला सुमारे २,००० किलोमीटर सांगते आणि ठाणे तिथून साधारण साडेसहा हजार किलोमीटरवर आहे. त्यामुळे नौपाड्यात कांड्या रिकाम्या दिसणे हेच त्या घड्याळाचे योग्य वागणे आहे.

रात्री घड्याळ खिडकीत, टीव्हीपासून दूर ठेवावे, हा त्याच संदेशातला सल्ला मात्र चुकीचा नाही, हे मान्य करावे लागते. रात्री संकेत दूरवर पोहोचतो आणि उपकरणांचा गोंगाटही कमी असतो. पण तो सल्ला जर्मनीतल्या घरासाठी आहे. इथे संकेत चुकून मिळालाच, तरी अशा बऱ्याच घड्याळांत वेळेतला फरक पूर्ण तासांतच लावता येतो आणि आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे.

मी आत्याच्या घड्याळातले संकेतग्रहण बंद करून फोनवर पाहून वेळ हाताने लावली. आता ते साध्या क्वार्ट्‌झ घड्याळासारखे चालेल आणि महिन्याला १५-२० सेकंद इकडेतिकडे होईल. गोळीच्या वेळेला तेवढ्याने काही बिघडत नाही. ज्यांनी हा संदेश वाचून तार लावली असेल, त्यांनी ती ओढण्याआधी घराचा मेन स्विच बंद करावा, आणि ज्यांनी तो पुढे पाठवला असेल, त्यांनी त्याच गटात हेही आजच कळवावे.