बीगलला मळा नको, घर द्या

"ताई, आम्हाला आता जमत नाहीये. एखाद्या मळ्यावर द्या ना, मोकळा राहील बिचारा." पाळलेला बीगल कुत्रा सोडायला निघालेल्या घरातून फोन आला की हे वाक्य ठरलेलं. नाशिकच्या कॉलेज रोडच्या फ्लॅटमधून येतं, पाथर्डी फाट्याच्या रो-हाऊसमधूनही येतं. दुसरीकडे, अ‍ॅडॉप्शनसाठी विचारणारेही मोठ्या कौतुकाने सांगतात, "आमचं दिंडोरीला फार्महाऊस आहे, तिथे ठेवू." सोडलेल्या कुत्र्यांना घरं शोधून देणारा आमचा ग्रुप या दोघांनाही नाही म्हणतो. त्यावरून बरंच ऐकावं लागतं, "एवढ्या अटी असतील तर तुम्हीच सांभाळा" इथपर्यंत. म्हणून आज सविस्तर लिहिते.

बीगल ही इंग्लंडमध्ये सशाच्या शिकारीसाठी घडवलेली जात. घोळक्याने पळायचं, घोळक्यानेच झोपायचं, आणि वास लागला की लांबवर ऐकू जाईल असा गळा काढायचा, म्हणजे मागून येणाऱ्या शिकाऱ्याला दिशा कळेल. ज्या आवाजावरून आज सोसायटीची नोटीस येते, तो माणसानेच पिढ्यान्‌पिढ्या निवडून त्याच्या गळ्यात घातलाय. पिल्लू दिसायला इतकं गोड की मुलं हट्ट धरतात आणि वाढदिवसाला ते घरी येतं. मग आई-बाबा कामावर, मुलं शाळेत आणि क्लासला, आणि घोळक्यातलं हे जनावर वन बीएचकेत दिवसभर एकटं. ते रडतं, दार ओरबाडतं, उशा फाडतं. दुसरं काय करणार?

यावर मळा हा उपाय कसा होईल? मळ्यावर मालक शनिवार-रविवारी जातो. एरवी गडी असतो, त्याला त्याची कामं असतात. चार दिवसांनी कुत्रं पळून जातंय म्हणून साखळीला बांधलं जातं. म्हणजे फ्लॅटमध्ये रात्री तरी माणसं भेटत होती, तीही गेली.

आणि साखळीला नाही बांधलं तर? आपण नाशिकमध्ये राहतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ पासून विमानतळांवर बीगल ठेवलेत, कारण प्रवाशाच्या बंद बॅगेतलं फळ ते वासावरून शोधून काढतात. असं नाक आपण द्राक्षबागेत मोकळं सोडायचं म्हणतोय. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. एखाद्या कुत्र्याला काही होत नाही, दुसऱ्याला थोडेच मणी बाधतात, म्हणून इतकी खाल्ली तर चालतील असं प्रमाणच सांगता येत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी यामागे द्राक्षातलं टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. आधी उलट्या होतात, कुत्रं मलूल पडतं, मग लघवी कमी होत जाते. जानेवारी ते एप्रिल बागेत काढणी चालू असते, वेलीखाली गळलेल्या मण्यांचा सडा असतो, आणि बीगल समोर आलेलं खाणं कधी सोडत नाही. गड्याला वाटतं उन्हाने मलूल झालाय. व्हेटकडे पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. फवारणीच्या औषधांचा धोका वेगळाच.

बिबट्याचं तर नाशिककरांना सांगायलाच नको. निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसात तो आहेच, २०१९ मध्ये गंगापूर रोडला सावरकरनगरपर्यंत आला होता. शेजारच्या अकोले तालुक्यात त्याच्या खाण्याचा अभ्यास झाला, त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. गावातलं कुत्रं अंधार पडला की ओट्यावर येऊन बसतं, त्याला ते आईकडून कळलेलं असतं. फ्लॅटमध्ये वाढलेला दहा-बारा किलोचा बीगल वास लागला की नाक जमिनीला लावून उसात शिरतो. मागून कितीही हाका मारा, त्याला ऐकू येत नाहीत. मळेकऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांची स्वतःची कुत्रीही जातात आणि त्यांनाही वाईट वाटतंच. पण जाणूनबुजून तिथे बीगल पाठवायचा आणि त्याला मोकळेपणा म्हणायचं, हे मला मान्य नाही.

आता मंजी नावाच्या आमच्या बीगल मादीबद्दल. ती एका ब्रीडरकडून आली, पिल्लं देईनाशी झाली म्हणून सोडलेली. कुत्र्यांच्या पैदाशीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे अठरा महिन्यांच्या आत मादीची पैदास करायची नाही आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा पिल्लं घ्यायची नाहीत. मंजीचं लोंबलेलं पोट बघून तिच्या बाबतीत ते कुणी मोजलं असेल असं वाटत नव्हतं. पंजे फाकलेले, नखं वाढून आत वळलेली, कानांना आंबूस वास. तिला जिना माहीत नव्हता. इंदिरानगरला फॉस्टर घरी, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळणाऱ्या काकूंकडे नेली, तर पहिल्या पायरीशी उभी राहून थरथरायला लागली. घरात फरशीवर पाय घसरायचे, म्हणून काकूंनी दारापासून भांड्यापर्यंत जुनी सतरंजी पसरली. ती त्या सतरंजीच्या बाहेर पाऊल टाकायची नाही. घरातल्या आजी कुत्र्याला हात लावणाऱ्यातल्या नव्हेत, पण दुपारी भाजी निवडायला तिच्याजवळ बसायला लागल्या. काही बोलायच्या नाहीत, नुसत्या बसायच्या. एका दुपारी मंजी सतरंजी सोडून फरशीवरून चालत गेली आणि आजींच्या पायाला पाठ लावून झोपली. व्हेटने कानाचं औषध दिलं, नसबंदी केली, त्याचा उपयोग झालाच. पण तिला उठवलं ते दिवसभर घरात असलेल्या माणसाने. मळ्यावर हे कुणी केलं असतं?

प्रयोगशाळांमध्येही कुत्र्यांपैकी बीगलच सर्वांत जास्त वापरले जातात. आकाराने लहान, एकसारखे, आणि दुखवलं तरी सहसा उलटून चावत नाहीत. या चांगुलपणाची अशी किंमत त्यांनी मोजलीय. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एनव्हिगो कंपनीच्या पैदास केंद्रातून सुमारे ४,००० बीगल सोडवले गेले. कंपनीने २०२४ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. एवढी कुत्री एकदम आली तरी त्यांना कुठल्या मोठ्या माळरानावर नेऊन सोडलं नाही. ती वेगवेगळ्या राज्यांतल्या शेल्टरमध्ये वाटली गेली, फॉस्टरकडे गेली, मग एकेका घरात. आपल्या बंगळुरूतही प्रयोगशाळेतून सुटलेल्या बीगलना असंच घराघरांत दिलं गेलंय. काम किचकट आहे आणि ते असंच करावं लागतं.

कुत्रं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये! या रकमेचा धाक कुणालाही वाटणार नाही. त्यामुळे जी काही चौकशी करायची ती आधीच, कुत्रं देतानाच करावी लागते.

म्हणून आम्ही घर बघायला येतो, आणि त्यात कुणी अपमान मानू नये. दिवसा घरी कोण असतं, गॅलरीला जाळी आहे का, फाटकाखाली किती फट आहे, भाड्याचं घर असेल तर घरमालकाला सांगितलंय का, गावी गेलात तर कुत्रं कुणाकडे राहणार, हे सगळं विचारतो. घरातल्या सगळ्यांसमोर विचारतो, कारण हो म्हणणारा एक असतो आणि सांभाळणारी दुसरीच असते. बंगला किती मोठा आहे हे आम्ही विचारतच नाही. सिडकोतल्या दोन खोल्यांत निवृत्त जोडप्याकडे बीगल आनंदाने राहिलेले मी पाहिलेत. सकाळ-संध्याकाळ पट्ट्याने फिरवणं, वास घ्यायला भरपूर वेळ देणं, खाणं मोजून घालणं, पावसाळ्यात कान पुसणं आणि गोचीड बघणं, एवढं झालं की तो बारा-पंधरा वर्षं सोबत करतो.

सध्या आमच्याकडे फॉस्टर घरं कमी पडताहेत, विशेषतः पंचवटी आणि नाशिकरोड भागात. लसी, औषधं, व्हेटचा खर्च ग्रुप करतो. तुमच्याकडून जागा आणि सोबत हवी. ज्यांच्या घरी दिवसा कुणीतरी असतं त्यांनी इनबॉक्समध्ये लिहा. किती दिवस जमेल तेही लिहा, दोन आठवडेसुद्धा चालतात.