पर्वरीतील गेटवरच्या प्रकाराबाबत आमचे जाहीर उत्तर

सप्रेम नमस्कार.

पर्वरी येथील ज्या गृहनिर्माण सोसायटीला आमची एजन्सी सुरक्षा रक्षक पुरवते, तेथील रहिवासी म्हणून आपण आम्हाला एक तारा देऊन जो अभिप्राय लिहिला, तो मी तीनदा वाचला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आपले वडील फोंड्याहून चवथीचे ओझे (लेकीच्या सासरी सणाला द्यायचे फळे-फराळाचे सामान) घेऊन आले असता रक्षकाने त्यांना पावसात गाडीबाहेर उभे केले, डिकी उघडायला लावली, नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा उघडून पाहिला आणि माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर फळा-पानांची आरास बांधतात तिच्यासाठी, आणलेला सुपारीचा घड ओल्या फरशीवर ठेवला. आपण ओळखपत्र मागितले तेव्हा त्याने मुदत संपलेले कार्ड पुढे केले. आणि आमच्या कार्यालयाला पाठवलेल्या लेखी तक्रारीला बारा दिवसांत उत्तर आले नाही, असे आपले म्हणणे आहे. अशा विनापरवाना वॉचमनचा व त्याच्या एजन्सीचा परवाना रद्द व्हावा, त्याचे नाव व फोटो जाहीर करावा, आणि वकील-डॉक्टरांची तक्रार करायला जागा असते तशी वॉचमनची कुठे करायची ते सांगावे, असेही आपण लिहिले आहे.

गेटवरची नोंदवही आणि कॅमेऱ्याचे चित्रण मी स्वतः पाहिले. आपण काहीही वाढवून लिहिलेले नाही. उलट एक गोष्ट आपल्या लिहिण्यात आलेली नाही: आपले वडील केबिनकडे हात दाखवून छत्री मागताना दिसतात, आणि केबिनच्या खिळ्याला त्या वेळी दोन छत्र्या लटकत होत्या. लेकीच्या सासरी पहिल्या चवथीचे ओझे घेऊन येणाऱ्या बापाला दारात असे थांबवणे म्हणजे काय, हे गोव्यात वाढलेल्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. मी त्यांची बिनशर्त क्षमा मागतो.

आता परवान्याविषयी. खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा, २००५ नुसार परवाना असतो तो एजन्सीला; गेटवर उभ्या राहणाऱ्या माणसाला वेगळा परवाना मिळत नाही. त्यामुळे त्याच्याकडे परवाना नव्हता हे खरे असले, तरी तो कोणाकडेच नसतो. त्याच्याकडे असायला हवे ते एजन्सीने दिलेले छायाचित्रासह ओळखपत्र, ज्याची तरतूद कलम १७ मध्ये आहे, आणि ते ताजे ठेवणे हे सर्वस्वी आमचे काम आहे. त्याने जूनमध्येच नवे कार्ड मागितले होते, तो अर्ज आमच्या कार्यालयातील टेबलावर पडून होता, म्हणजे या बाबतीत बोल त्याला नव्हे, मला लागला पाहिजे. रक्षक म्हणून नेमण्यासाठी त्याने भारताचा किंवा केंद्राने ठरवलेल्या देशाचा नागरिक असणे, वय १८ पूर्ण पण ६५ च्या आत असणे, चारित्र्य-पडताळणी आणि ठरलेले प्रशिक्षण हे सगळे लागते. या चारही बाबींची कागदपत्रे त्याच्या फायलीत आहेत.

प्रशिक्षणाच्या बाबतीत मात्र फायलीतल्या प्रमाणपत्राआड लपणे मला जमणार नाही. केंद्राने राज्यांसाठी नमुना म्हणून केलेल्या २००६ च्या आदर्श नियमांत वर्गात १०० तास आणि प्रत्यक्ष मैदानात ६० तास असा किमान अभ्यासक्रम सांगितला होता, आणि त्याच्या विषयांत अगदी सुरुवातीलाच लोकांशी कसे वागावे हे येत होते. अग्निशमन आणि गर्दीचे नियंत्रण पुढे. प्रत्यक्षात कवायत आणि गणवेशाच्या कडक इस्त्रीवर जितका वेळ जातो, तितका वागणुकीवर जात नाही, हे या धंद्यातला कोणीही खाजगीत कबूल करील.

झडतीचे म्हणाल, तर रक्षकाला पोलिसाचे अधिकार नाहीत. त्याच्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र व दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा झाला, तर कोणत्याही नागरिकाप्रमाणे तो त्या माणसाला धरून पोलिसांच्या हवाली करू शकतो. त्यापलीकडे, मालकाची संमती नसताना कोणाची डिकी किंवा डबा उघडण्याचा हक्क त्याला नाही. मग त्याने तो का उघडला, हे पाहण्यासाठी मी केबिनमध्ये गेलो. भिंतीवर प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद होता: 'सर्व गाड्यांची डिकी तपासणे.' 'सर्व' या शब्दाखाली लाल पेनाने दोन रेघा ओढलेल्या. मे महिन्यात एका फ्लॅटचे काम चालू असताना नळ आणि तांब्याची वायर चोरीला गेली, तेव्हा बाहेर जाणाऱ्या कंत्राटदारांच्या गाड्या पाहाव्यात असे सोसायटीच्या समितीशी ठरले होते. आमच्या पर्यवेक्षकाने कागद लिहिताना 'कंत्राटदार'ही गाळला आणि 'बाहेर जाणाऱ्या'ही गाळले. तो कागद मी तिथेच काढून घेतला.

आणखी एक गोष्ट लिहिणे माझ्या हिताचे नाही, तरी लिहितो. त्या दिवशी रात्रपाळीचा बदली रक्षक सणासाठी गावी गेला तो परतला नाही, आणि हा मनुष्य आदल्या रात्रीपासून गेटवरच होता. चवथीला बदली मिळत नाहीत हे या धंद्यात दर वर्षी ठाऊक असते. त्याची तजवीज आधी न करणे हा आमचाच गलथानपणा. याने त्याचे वागणे क्षम्य ठरत नाही, पण कामगार कायद्यांचे उल्लंघन हेही कलम १३ नुसार एजन्सीचा परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचे एक कारण आहे, आणि आपण तक्रार करणार असाल तर आपल्याला ते माहीत असावे.

कारण तक्रार जरूर करावी. वकिलाविरुद्धची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे जाते, तथ्य दिसल्यास अधिवक्ता कायदा, १९६१ च्या कलम ३५ खाली ती शिस्तपालन समितीपुढे येते, आणि समिती ताकीद देण्यापासून सनद काढून घेण्यापर्यंत काहीही करू शकते. डॉक्टरांसाठी गोवा वैद्यकीय परिषद आहे. रक्षकासाठी अशी परिषद नाही, त्याच्या नावाची सामायिक नोंदही नाही. एका एजन्सीने चोरीसाठी काढलेला माणूस आठवड्याने दुसऱ्या एजन्सीच्या गणवेशात उभा दिसतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. अशी नोंद असावी, मात्र तीत नाव चढण्यापूर्वी त्या माणसाचे म्हणणे ऐकले जावे, असे माझे मत आहे. तूर्त रक्षकाविरुद्धची तक्रार म्हणजे एजन्सीविरुद्धची तक्रार, आणि ती राज्याच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे एजन्सीला परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, करायची असते. परवाना रद्द करण्याआधी तो मला म्हणणे मांडण्याची संधी देईल, आणि निर्णय मान्य नसल्यास मला ६० दिवसांत राज्याच्या गृह सचिवांकडे अपील करता येईल.

जी संधी कायदा मला देतो, ती मी दरमहा तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या माणसाला नाकारावी, हे बरे नव्हे. म्हणून त्याचे नाव व फोटो जाहीर करण्याची आपली मागणी मी मान्य करू शकत नाही. त्याला कारणे दाखवा नोटीस दिली, त्याचा जबाब घेतला. झडती आणि उर्मट वागणे त्याने कबूल केले. त्याला लेखी ताकीद देऊन आपल्या गेटवरून हलवले आहे आणि नव्याने प्रशिक्षणाला बसवले आहे. कागद लिहिणाऱ्या पर्यवेक्षकावरही तितकीच कारवाई झाली आहे. कामावरून काढले असते तर आपले समाधान अधिक झाले असते, पण पहिल्याच चुकीला, तीही आमच्या कागदामुळे घडलेल्या, ती शिक्षा मला जास्त वाटली.

बारा दिवसांच्या मौनाला सबब नाही. तक्रार ज्या पत्त्यावर आली, तो पाहणारी व्यक्ती रजेवर होती आणि दुसऱ्या कोणाला तो उघडता येत नव्हता; आता तो दोघे रोज पाहतात, त्यातला एक मी.

आमचा परवाना कायद्याप्रमाणे कार्यालयात दर्शनी भिंतीवर लावलेला आहे. त्याची प्रत, त्या दिवसाच्या नोंदवहीचे पान, काढून घेतलेला तो कागद आणि आमच्या चौकशीचा निष्कर्ष एका पाकिटात घालून आपल्या नावे कार्यालयात ठेवला आहे. प्राधिकाऱ्याकडील तक्रारीला तो जोडता येईल. आपल्या वडिलांची हरकत नसेल, तर फोंड्याला त्यांच्या घरी येऊन भेटण्याची माझी इच्छा आहे. येऊ नये असे त्यांना वाटत असेल, तर तसे कळवावे.

आपला,
एजन्सीचा मालक